सावकारांच्या रोषाला बळी पडलेली सिस्टर धर्मासाठी हुतात्मा कशी ठरते?

हिशेबनीस (इंदूर)

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त परिचारिका राहतात. चाळीस वर्षांपूर्वी त्या केरळातून इंदूरला आल्या. गेल्या आठवड्यात रद्दी बांधताना त्यांनी पूर्वी कधीतरी दिलेले एक कार्ड हाती लागले. ते पत्त्याच्या पानाएवढे असून पुढच्या बाजूला कॅथलिक धर्मभगिनी सिस्टर रानी मारिया यांचे चित्र आहे, मागे हिंदीत प्रार्थना आहे आणि सर्वांत खाली बारीक अक्षरांत सूचना आहे, की यांच्या मध्यस्थीने कुणास काही कृपा लाभल्यास पुढील पत्त्यावर कळवावे. नोकरीची तीस वर्षे लेखापरीक्षणात गेल्यामुळे माझी नजर आधी तळटीपेवरच जाते. संताच्या कृपेची पोच मागवणारा पत्ता मी आयुष्यात प्रथमच पाहिला.

ज्यांना प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या सिस्टरांचा जन्म १९५४ साली केरळातील पुल्लुवळी येथे झाला. बिजनौर आणि सतना भागात काम केल्यानंतर १९९२ मध्ये त्या आपल्या शेजारच्या देवास जिल्ह्यातील उदयनगरला आल्या. तेथील आदिवासींना सावकारी कर्जातून सोडवण्यासाठी त्यांनी बचतगट बांधले आणि सरकारी योजनांची माहिती घरोघर पोहोचवली. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला येणाऱ्या बसमध्ये, प्रवाशांच्या देखत, त्यांना भोसकण्यात आले आणि त्यांच्या अंगावर पन्नासाहून अधिक जखमा आढळल्या. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच मोठा समारंभ होऊन त्यांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले. त्या शनिवारची वाहतूक कोंडी मला आठवते, पण तिचे कारण मात्र मी तेव्हा विचारले नव्हते.

आता माझे दोन प्रश्न आहेत. ज्यांचे व्याज बुडत होते त्यांनी हा खून करवला असेल, तर ती बाई धर्मासाठी हुतात्मा झाली असे चर्च कोणत्या आधारावर म्हणते? आणि संतपदाचा हा हिशेब तपासतो कोण?

पोहेजिलेबी (इंदूर)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ज्या खात्यात लेखापरीक्षकच नाही, असे खाते स्वर्गातही नसावे, एवढे तुम्हाला कळले तरी निवृत्तीनंतर सुखाने झोप लागेल.

वसईची लेक (इंदूर)

माझे माहेर वसईचे आणि सासर इंदूरचे. लहानपणापासून मिस्सा (चर्चमधली उपासना) मराठीतच ऐकली असल्यामुळे आमच्याकडचे शब्द वापरूनच सांगते.

पायऱ्या चार आहेत. प्रकरण अधिकृतपणे सुरू झाले की त्या व्यक्तीस 'देवाचा सेवक' किंवा 'देवाची सेविका' म्हणतात. तिने सद्गुण असामान्य कोटीला नेऊन आचरले असे सिद्ध झाल्यास ती 'आदरणीय' होते, त्यानंतर 'धन्य' आणि शेवटी 'संत'. साधारणपणे मृत्यूनंतर पाच वर्षे गेल्याखेरीज प्रकरण उघडता येत नाही, म्हणजे अंत्ययात्रेतले अश्रू वाळल्यावरच साक्षी घ्यायला बसायचे. मदर तेरेसांचा मृत्यू सप्टेंबर १९९७ मधला. त्यांच्यासाठी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ही अट शिथिल केली आणि १९९९ मध्येच काम सुरू झाले.

पहिली चौकशी स्थानिक धर्मप्रांतात, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या प्रदेशात होते. त्या व्यक्तीला ओळखणाऱ्यांच्या शपथेवर साक्षी घेतात. विरोधात बोलणाऱ्यांनाही बोलावतात. तिने लिहिलेले सारे कागद, अगदी खासगी पत्रेसुद्धा गोळा करतात, आणि मग ते सर्व लाखबंद करून रोमला पाठवतात. तिथे संतपदाच्या प्रकरणांसाठी स्वतंत्र विभाग आहे. त्याच्या देखरेखीखाली जीवन, सद्गुण आणि साक्षीपुरावे यांचा एक जाडजूड छापील ग्रंथ तयार होतो. तो इतिहासकार आणि धर्मपंडित वाचतात, नंतर कार्डिनल आणि बिशप आपले मत देतात, आणि अखेरचा निर्णय पोप महोदयांचा असतो. प्रकरण पुढे नेणारा एक नेमलेला अधिकारी असतो. माझ्या आजोबांच्या शब्दांत तो 'संताचा वकील'.

एक खुलासा आधीच करते. चर्च कुणाला संत 'बनवत' नाही. ती व्यक्ती देवाजवळ आहे हे ओळखून तसे जाहीर करते, इतकेच. पुढे चमत्कारांवर वाद होणारच आहे, तेव्हा हा फरक ध्यानात असावा.

खवट

ताई, आमचे ऑफिसही बढती 'देत' नसे, ज्येष्ठता 'ओळखून जाहीर' करत असे. ज्याची ओळख वर होती त्याची ज्येष्ठता लवकर ओळखली जाई, एवढाच काय तो फरक.

रामबागी (इंदूर)

खवट यांचा टोमणा बाजूला ठेवला तरी मूळ मुद्दा उरतोच. आपल्याकडे अहिल्याबाईंना 'पुण्यश्लोक' म्हणताना कोणी समिती नेमली नव्हती. आपल्या इंदूरच्या तराणेकर महाराजांची फाईल कुठल्या टेबलावरून कुठल्या टेबलावर गेली नाही. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर आहे. त्यांना देवळात पाऊल टाकू न देणाऱ्या व्यवस्थेकडे अर्ज करून ते संत ठरले असते काय? लोकांनी ज्याला डोक्यावर घेतले तो संत. चार पायऱ्या आणि लाखेची मोहोर हा मला तरी कारकुनी सोस वाटतो.

बडोद्याचा बापू (बडोदा)

रामबागी यांना ठाऊक नसेल, पण पहिल्या हजार वर्षांत ख्रिस्ती लोकांतही हाच प्रकार होता. हुतात्म्याच्या थडग्यापाशी लोक दरवर्षी जमत, स्थानिक बिशप मान्यता देई आणि संत होऊन जाई. पोपने स्वतः एखाद्याला संत घोषित केल्याची पहिली निश्चित नोंद ९९३ सालची आहे. ते ऑग्सबुर्गचे बिशप उलरिख. हा अधिकार फक्त पोपचाच, हे कायद्यात पक्के व्हायला तेरावे शतक उजाडले, आणि १६३४ मध्ये पोप अर्बन आठवे यांनी रोमच्या मान्यतेआधी कुणाची जाहीर उपासना करण्यास सक्त बंदी घातली.

कारकुनी लागली ती लोकांनी डोक्यावर घेतलेल्यांमुळेच. जोसाफात नावाचा एक भारतीय राजपुत्र मध्ययुगीन युरोपात फार लोकप्रिय होता. पुत्र संन्यासी होईल असे भाकीत झाल्यामुळे राजाने त्याला महालात कोंडले, पुढे त्याने आजारी आणि म्हातारा माणूस पाहिला आणि राज्य सोडले, अशी त्याची कथा. कथा ओळखीची वाटली ना? 'बोधिसत्त्व' हा शब्द इराणी आणि अरबी भाषांतून प्रवास करत 'जोसाफात' झाला आणि जुन्या रोमन यादीत २७ नोव्हेंबर या तारखेवर जाऊन बसला. गौतम बुद्ध शतकानुशतके ख्रिस्ती संत म्हणून पूजले गेले आणि कुणाला पत्ता नव्हता.

पोहेजिलेबी (इंदूर)

म्हणजे चौकशी न करता केलेल्या नेमणुकांपैकी एक तरी अचूक निघाली!

नाडीपरीक्षा (ग्वाल्हेर)

हिशेबनीस साहेबांच्या दुसऱ्या प्रश्नाचा वैद्यकीय भाग मी घेतो. मी शल्यचिकित्सक आहे आणि देवभक्त म्हणावा असा नाही.

बहुतेक चमत्कार हे रोग बरा झाल्याचे असतात. त्यांच्या तपासणीचे निकष लिहिले ते प्रॉस्पेरो लाम्बेर्तिनी यांनी. हे गृहस्थ वीसएक वर्षे, ज्याला लोक 'सैतानाचा वकील' म्हणत, त्या पदावर होते. उमेदवाराच्या विरोधात जे जे म्हणता येईल ते शोधून मांडणे हे त्यांचे कर्तव्य. १७४० साली तेच पोप बेनेडिक्ट चौदावे झाले. आजार गंभीर असावा, तो आपोआप बरा होण्याजोगा नसावा, परिणामकारक औषध दिलेले नसावे, बरे होणे झटपट, संपूर्ण आणि टिकाऊ असावे, असे ते निकष आहेत. माझ्या विभागात दाखल होणाऱ्या शंभरातले नव्व्याण्णव 'चमत्कार' पहिल्याच अटीवर गळतील.

आज रोममध्ये डॉक्टरांचे मंडळ बसते. २०१६ च्या नियमांनुसार सात जणांपैकी किमान पाच जणांनी 'आजच्या ज्ञानाने स्पष्टीकरण देता येत नाही' असे म्हणावे लागते, आणि एकच प्रकरण तीनपेक्षा अधिक वेळा तपासायला घेता येत नाही. डॉक्टर 'चमत्कार' हा शब्द उच्चारतच नाहीत. ते फक्त 'समजले नाही' एवढे लिहून देतात. माझ्या व्यवसायात हे दोन शब्द लेखी देणारे फार थोडे भेटतात, म्हणून त्या मंडळाविषयी मला थोडा आदर आहे.

यापुढचा निकष कार्डावरच्या तळटीपेशी जोडलेला आहे. बरे होण्याआधी प्रार्थना त्याच व्यक्तीच्या मध्यस्थीने केलेली असावी लागते. चार ठिकाणी नवस बोलला असेल तर श्रेय कुणाच्या खात्यात जमा करायचे, हा प्रश्न धर्मपंडित सोडवू शकत नाहीत.

खवट

डॉक्टर, आदर जरा आवरा. सैतानाच्या वकिलाला १९८३ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी जवळजवळ घरीच बसवले. पद उरले, पण विरोधी बाजू लढवण्याचे काम गेले. त्याच वेळी लागणाऱ्या चमत्कारांची संख्याही निम्मी केली. परिणाम असा, की या एका पोपांनी ४८२ संत घोषित केले. पोप फ्रान्सिस यांनी तर २०१३ मध्ये एकाच दिवशी इटलीतल्या ओत्रांतोचे आठशेहून अधिक हुतात्मे संत केले. मदर तेरेसांच्या पहिल्या चमत्कारात पश्चिम बंगालमधल्या एका आदिवासी बाईच्या पोटातली गाठ नाहीशी झाली. तिच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी एका डॉक्टरांनी ती औषधांनीच गेली असे जाहीरपणे सांगितले, तरी प्रकरण पुढे सरकलेच. विरोधी साक्ष द्यायला मदर तेरेसांचे कडवे टीकाकार लेखक क्रिस्टोफर हिचन्स यांना बोलावले होते, हे खरे. सैतानाची बाजू आपण फुकटात मांडली, अशी थट्टा त्यांनी नंतर केली.

वसईची लेक (इंदूर)

खवट काका, यातले बरेचसे मला मान्य आहे, आणि घाईची टीका चर्चमधलेही करतात. पण घाई हा नियम नाही. आमच्या वसईचे गोन्सालो गार्सिया आधी व्यापारी होते, मग फ्रान्सिस्कन संघाचे धर्मबंधू झाले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रूसावर मारले गेले. ते धन्य ठरले १६२७ मध्ये आणि संत ठरले १८६२ मध्ये. मधली दोनशे पस्तीस वर्षे वसईच्या किती पिढ्यांनी 'धन्य' एवढ्यावरच समाधान मानले असेल ते पाहा. भारतात जन्मलेले ते पहिले अधिकृत संत. जोन ऑफ आर्क यांना तर चर्चच्याच न्यायालयाने १४३१ मध्ये दोषी ठरवून जाळण्यास सोपवले. पंचवीस वर्षांनी दुसऱ्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि संतपद मिळाले १९२० मध्ये.

आता हिशेबनीस काकांचा पहिला प्रश्न. तो टोमण्यांच्या गर्दीत हरवला आहे आणि तोच अवघड आहे. हुतात्म्याला धन्य ठरवण्यासाठी चमत्काराची गरज नसते, म्हणून २०१७ मध्ये रानी मारियांच्या नावावर चमत्कार नव्हता; पुढे संतपदासाठी एक लागेल. मात्र मारणाऱ्याने श्रद्धेच्या द्वेषातून मारले, हे दाखवावे लागते. सारा वाद त्या 'द्वेष' शब्दापाशी येऊन थांबतो.

रामबागी (इंदूर)

नेमके तेच. तिने प्रार्थना किती वेळा केली याच्याशी सावकाराला काय देणेघेणे?

बडोद्याचा बापू (बडोदा)

हा प्रश्न तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनीच विचारून ठेवला आहे. बायबलमधल्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला कुणी 'देव नाकार' असे म्हटले नव्हते. राजाने भावाची बायको ठेवली आणि योहान ते चुकीचे आहे असे तोंडावर म्हणाला, म्हणून त्याचा शिरच्छेद झाला. तरी चर्च त्याला हुतात्मा मानते. अक्वायनस यांचे उत्तर असे, की देवासाठी आचरलेला कोणताही सद्गुण हुतात्म्याचे कारण होऊ शकतो.

विसाव्या शतकात ही व्याख्या फार ताणली गेली, हेही कबूल करायला हवे. मारिया गोरेत्ती ही बारा वर्षेही पूर्ण न झालेली इटालियन मुलगी १९०२ मध्ये बलात्काराचा प्रतिकार करताना मारली गेली आणि तिला १९५० मध्ये संतपद मिळाले. पोलिश धर्मगुरू मॅक्सिमिलियन कोल्बे यांनी नाझींच्या आउश्वित्झ छळछावणीत एका कुटुंबवत्सल कैद्याऐवजी स्वतःचा जीव दिला. १९७१ मध्ये त्यांना धन्य ठरवताना हुतात्मा मानले नव्हते, कारण पहारेकऱ्यांनी त्यांना धर्मासाठी निवडले नव्हते. १९८२ मध्ये मात्र जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना हुतात्मा म्हणूनच संत घोषित केले, आणि ज्याच्यासाठी त्यांनी जीव दिला तो माणूस त्या समारंभाला हजर होता. एल साल्वादोरचे आर्चबिशप रोमेरो १९८० मध्ये मिस्सा सुरू असताना मारले गेले. मारणारे स्वतःला कॅथलिक म्हणवत होते, त्यामुळे त्यांचे प्रकरण वर्षानुवर्षे अडून राहिले.

नर्मदाकाठ (इंदूर)

मी सहसा फक्त वाचतो, पण इथे राहवले नाही. उमेदीची बरीच वर्षे मी निमाडातल्या आणि घाटाखालच्या ग्रामीण बँक शाखांत काढली आहेत. या सिस्टरांना मी पाहिलेले नाही. मात्र त्या ज्या सावकारीशी झुंजत होत्या तिचा चेहरा मला ठाऊक आहे.

बी पेरण्याआधी कर्ज घ्यायचे आणि उभ्या पिकावर ते फेडायचे, तेही सावकार ठरवील त्या भावाने. वहीत काय लिहिले आहे ते घेणाऱ्याला वाचता येत नसे, अंगठा मात्र त्याचाच असे. एकदा सात-आठ बायका गटाचे खाते उघडायला आमच्या शाखेत आल्या. शाईचा पॅड मी सवयीने पुढे सरकवला. त्यांच्यातली सर्वांत वयस्क बाई म्हणाली, "साहब, दस्तखत करूँगी." तिने स्लिपवर आपले नाव लिहायला घेतले. अक्षरे इतकी मोठी की शेवटचे अक्षर छापील चौकट ओलांडून तारखेच्या रकान्यात गेले. नियमाप्रमाणे ती स्लिप मी रद्द करायला हवी होती. समोरच्या चहाच्या टपरीवर सावकाराचा माणूस बसला होता, आणि बायका बाहेर पडल्यावर त्याने त्या किती आहेत ते बोटांवर मोजले. ते मोजणे मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून रामबागी, तुमचे म्हणणे अर्धेच खरे आहे. ती कुणाची प्रार्थना करते याच्याशी सावकाराला देणेघेणे नव्हते. पण पगार घेऊन ते काम करणारे आमच्यासारखे लोक बदली मागून निघून जात असत, मीही गेलो. बदली न मागता तिथेच राहणारा माणूस कशाच्या बळावर राहतो, हे त्या टपरीवरच्या माणसाला बरोबर समजत असे. आणि ज्याच्या बळावर तो राहतो, त्याचाच त्याला राग येत असे.

खवट

नर्मदाकाठ, तुमची स्लिप मला पटली, पण निष्कर्ष पटत नाही. उद्या एखादा नास्तिक कार्यकर्ता हेच काम करताना याच कारणाने मारला गेला, तर त्याचे काय? जखमा तेवढ्याच आणि सावकारही तोच.

वसईची लेक (इंदूर)

त्याला चर्च आपला हुतात्मा म्हणणार नाही, आणि त्याचे मरण कमी मोलाचे असेही म्हणणार नाही. यादी चर्चची आहे. तिच्यात नाव नसलेले सारे देवापासून दूर आहेत, असा तिचा अर्थ कधीच नव्हता. म्हणूनच तर १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण असतो, ज्यांची नावे कुणालाच ठाऊक नाहीत त्यांच्यासाठीही.

तुमच्या प्रश्नाची जाणीव रोमलाही असावी. जुलै २०१७ मध्ये फ्रान्सिस यांनी एक नवा मार्ग खुला केला. इतरांवरच्या प्रेमापोटी जाणूनबुजून जीव अर्पण केला असेल, तर श्रद्धेचा द्वेष सिद्ध न होताही प्रकरण चालवता येते. मात्र मग धन्य ठरण्यासाठी एक चमत्कार लागतो.

आणखी एक गोष्ट या चर्चेत अजून आलेली नाही. मारेकऱ्याला जन्मठेप झाली होती. रानी मारियांच्या धाकट्या बहिणीने, त्याही धर्मभगिनीच, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. २००६ मध्ये तो सुटला, पुढे केरळात जाऊन तिच्या आईवडिलांना भेटला आणि २०१७ च्या समारंभालाही आला. गोरेत्तीच्या बाबतीतही मारेकऱ्याला तुरुंगात पश्चात्ताप झाला आणि सुटल्यावर त्याने तिच्या आईची क्षमा मागितली. चर्चच्या नियमांत याला चमत्कार म्हणत नाहीत.

नाडीपरीक्षा (ग्वाल्हेर)

वैद्यकीय मंडळाने हे प्रकरण तपासले असते, तर निदान माझे मत 'समजले नाही' असेच पडले असते.

हिशेबनीस (इंदूर)

सर्वांचे आभार. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला निम्मे मिळाले, म्हणजे आक्षेप वगळला नाही, पण 'खुलासा प्राप्त' असा शेरा मारायला हरकत नाही. धन्यतेपासून संतपदापर्यंत जायला रानी मारियांना आता एक चमत्कार लागणार हे कळल्यामुळे कार्डावरच्या पत्त्याचा उलगडाही झाला.

काल संध्याकाळी ते कार्ड घेऊन खालच्या मजल्यावर गेलो आणि शेजारीणबाईंना विचारले, की तुम्ही या पत्त्यावर कधी काही कळवले आहे का. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, की काही वर्षांपूर्वी मिस्टर अतिदक्षता विभागात अकरा दिवस होते आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती, तेव्हा त्यांनी याच कार्डावरची प्रार्थना रात्रंदिवस म्हटली होती. मिस्टर आतून "चहा घेणार का?" असे विचारत होते, म्हणजे निकाल टिकाऊ आहे. पत्र अर्धे लिहून ठेवले होते, ते पुरे करावे असे आता वाटते, असेही त्या म्हणाल्या.

मी उत्साहाने वर येऊन हे सौभाग्यवतींना सांगितले. त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणे न थांबवता त्या म्हणाल्या, "आणि मी खजराण्याच्या गणपतीला त्यांच्यासाठी नवसाचा उलटा स्वस्तिक काढून आले होते, त्याचं काय? ते घरी आले त्याच आठवड्यात जाऊन सरळही केला."

आता हे खालच्या मजल्यावर सांगावे की न सांगावे?

पोहेजिलेबी (इंदूर)

सांगू नका. गणपतीला पुढची बढती नको आहे.

नाडीपरीक्षा (ग्वाल्हेर)

सांगा. आणि त्या अकरा दिवसांत कोणती अँटिबायोटिक चालू होती तेही विचारून घ्या.